मदत हवी आहे: जुन्या ग्रामोफोन तबकड्यांची साइट बंद पाडली, परत चालू कशी करू?

पंचवटीकर
सकाळपासून साइट बंद. होस्टिंगवाल्यांचा दोन ओळींचा मेल आलाय, कॉपीराइटची तक्रार आहे म्हणून उतरवली. फोन केला तर "लीगल टीम बघतेय". हा पायरसीचा नवीन कायदा आलाय त्याचाच प्रताप ना? कुणीही उठावं आणि कुणाचीही साइट झोपवावी? रविवारी कार्यक्रमात लिंक द्यायची आहे, लोकांना सांगून बसलोय. जाणकारांनी लवकर सांगावं. तत्त्वज्ञान नको.

निफाडकर
साइटवर नक्की काय आहे? तक्रार कुणाची?

पंचवटीकर
शीर्षकात लिहिलंय की. तबकड्या. नाट्यसंगीत, थोडी कीर्तनं. तक्रार कुणाची ते सांगत नाहीत.

सिडकोवाला
व्हीपीएन टाका. आमच्याकडे सगळं उघडतं.

निफाडकर
@सिडकोवाला, साइट ब्लॉक नाही केलेली, सर्व्हरवरूनच काढलीय. व्हीपीएन लावून काय दिसणार?

पडद्यामागे
माझे मामा सिंगल स्क्रीन थिएटर चालवायचे, म्हणून बोलतो. शुक्रवारी सिनेमा लागतो आणि शनिवारी मोबाइलवर फिरतो. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला ते बरंच झालं. थिएटरात चोरून शूटिंग केलं तर कमीत कमी ३ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं आत. दंड ३ लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. फुकट्यांना स्वातंत्र्याचा भारी पुळका.

कायद्याचा किडा
तो कायदा सिनेमापुरता. धागाकर्त्याला लागू होतो तो १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५. तक्रार आली की कंपनीने ३६ तासांत मजकूर थांबवायचा. तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर कंपनी तो परत चालू करू शकते.
तबकड्या कोणत्या सालच्या?

पंचवटीकर
२१ दिवस?? रविवार चार दिवसांवर आलाय! साल काय, जुन्या आहेत. आजोबांनी विकत घेतलेल्या, चोरीचा माल नाही.

सिडकोवाला
३० सेकंदांपर्यंत वाजवलं तर चालतं. तेवढेच तुकडे टाका.

कायद्याचा किडा
असा कुठलाही नियम आपल्या कायद्यात नाही. व्हॉट्सॲपवरचा वकील.
@पंचवटीकर, तबकडी विकत घेतली म्हणजे हक्क मिळत नाहीत. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं. १९४० ची तबकडी २००० साल संपलं तेव्हाच मोकळी झाली. शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नाट्यपद नाटककार देवलांचं असेल तर ते १९१६ साली गेले, शब्दांची चिंता नाही. पण चाल बांधणारा १९७४ साली गेला असेल तर २०३४ संपेपर्यंत थांबा. म्हणून साल विचारतोय.

गोदाकाठची
@पडद्यामागे, फुकट्यांचा प्रश्न नाही हो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये काही हिंदी सिनेमांसाठी मद्रास हायकोर्टाचा आदेश निघाला आणि त्यात अख्खं इंटरनेट अर्काइव्ह, म्हणजे जुनी पुस्तकं जपणारी साइट, देशात बंद झालं. जुनी पुस्तकं वाचणाऱ्यांनी कुठला सिनेमा चोरला होता? अमेरिकेत 'सोपा' (SOPA) नावाचा पायरसीविरोधी कायदा येऊ घातला तेव्हा १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडियाने दिवसभर पडदा पाडला आणि दोन दिवसांत तो प्रस्ताव बासनात गेला. आपल्याकडे असा कुणी हूं की चूं करत नाही.

पडद्यामागे
ताई, अर्काइव्हवरही सिनेमे चढवतातच लोक. मग निर्मात्याने करायचं काय?

गोदाकाठची
त्या पानाचा पत्ता द्यायचा! एका घरात चोर शिरला म्हणून आख्ख्या रविवार कारंजा भागाची वीज तोडाल का?

तबकडीवेडा
अवांतर: मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांना लागणाऱ्या स्टीलच्या सुया नाशकात कुठे मिळतील? भद्रकालीतला एक जण द्यायचा, आता दुकान बंद दिसतं.

पंचवटीकर
सुयांसाठी वेगळा धागा काढा.
यादी बघितली. बहुतेक १९३२ ते १९५० मधल्या. एक लाँगप्ले (जास्त वेळ वाजणारी तबकडी) आहे १९७१ ची.

निफाडकर
आणि हे आत्ता सांगताय!

कायद्याचा किडा
ती २०३१ संपेपर्यंत हक्कात आहे. ती काढा आणि कंपनीला लेखी कळवा की काढली. बाकीच्यांची सालवार यादी लेबलांच्या फोटोंसकट पाठवा. शिवाय तक्रारीची प्रत मागा. नियमाप्रमाणे तक्रारदाराला कोणती कृती, तिचा हक्क आपल्याकडे कसा, आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणतो ही हमी, हे सगळं लिहून द्यावं लागतं. नुसत्या "आमचं आहे"वर भागत नाही. १९३२ च्या मुद्रणावर खोटा हक्क सांगून धमकावत असतील तर कलम ६० खाली उलट तुम्हीच कोर्टात जाऊ शकता.

पडद्यामागे
कोर्टात जायचा खर्च कोण देणार?

पंचवटीकर
तेच. मेल पाठवलाय. लाँगप्ले वगळून सगळं पेनड्राइव्हवर घेतलंय, रविवारी हॉलमध्ये स्पीकरवरच लावतो. त्याला तरी परवानगी लागते का?

सिडकोवाला
पोलिसांना विचारून घ्या.

कायद्याचा किडा
@पंचवटीकर, पदांची नावं, पद लिहिणाऱ्यांची आणि चाल देणाऱ्यांची नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथे नको.