लहान स्टुडिओसाठी टॉकबॅक: मम्बल, ॲस्टरिस्क की आणखी काही? सल्ला हवा

फ्लोअरवरून:
नमस्कार मंडळी. गोरेगाव पूर्वेला एका मराठी वेब वाहिनीचा छोटा स्टुडिओ आहे, तिथली तांत्रिक बाजू मी बघते. तीन कॅमेरे, एक पीसीआर (प्रॉडक्शन कंट्रोल रूम), रोज संध्याकाळचं बातमीपत्र आणि शनिवारी चर्चेचा कार्यक्रम. फ्लोअरवर जुनी दोन तारांची पार्टीलाइन आहे (सगळे एकाच लाइनवर बोलतात), एक मेन स्टेशन आणि कमरेला लावायचे चार बेल्टपॅक. ती अजून ठणठणीत चालते.

अडचण बाहेरच्यांची आहे. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवरून लाइव्ह करायचं ठरलंय. दोन रिपोर्टर, दोन बॅकपॅक युनिट (मोबाइल डेटावरून चित्र आणि आवाज स्टुडिओत पाठवणारी), आणि आमचे एक निर्माते पुण्यात घरी बसून काम करतात. या सगळ्यांना टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यामागच्या बोलण्याच्या लाइनवर, घ्यायचंय. आजवर ग्रुप कॉल लावून भागवलं, पण त्यात सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जातं. रिपोर्टर ऑन एअर बोलत असताना तिच्या कानात "कॅमेरा दोन, टाइट कर" येतं, आणि ती क्षणभर थांबते. प्रेक्षकाला ते दिसतं.

मॅट्रिक्स इंटरकॉमचं (कोण कोणाशी बोलेल ते बटणांनी ठरवणारी यंत्रणा) कोटेशन मागवलं होतं, ते आम्हाला झेपणारं नाही. म्हणून ओपन सोर्सकडे बघतेय. मम्बलवर (ग्रुपमध्ये बोलण्याचं सॉफ्टवेअर) विसंबता येईल का? की ॲस्टरिस्क (टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) टाकून एसआयपी, म्हणजे इंटरनेटवरच्या फोनसारखं करावं? जुनी पार्टीलाइन यात जोडता येते का? आणि आवाजाला उशीर किती लागेल? ज्यांनी प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तारांचा_माणूस:
ताई, पहिली गोष्ट म्हणजे फ्लोअरवरची लाइन काढू नका. तारेवर उशीर नसतो, लॉगिन नसतं, अपडेट येत नाही. डायरेक्टर "कट" म्हणाला की कॅमेरामनला त्याच क्षणी कळतं. नेटवर्कवरून बोलणं आणा, पण ते बाहेरच्या माणसांसाठी. एकाच खोलीतल्या चार जणांना सर्व्हरमार्फत बोलायला लावण्यात काही हशील नाही.

दुसरं, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत. क्रूचं आपसातलं बोलणं म्हणजे टॉकबॅक: पुण्याचे निर्माते, चौपाटीवरचे कॅमेरामन, तुम्ही. रिपोर्टरच्या कानातला ईपी (इअरपीस), म्हणजे आयएफबी, ही निराळी चीज आहे. तिथे कार्यक्रमाचा आवाज सतत चालू राहतो आणि पीसीआरमधून बटण दाबलं की तो खाली जाऊन सूचना वर येते. ही दोन कामं एकाच कॉलमध्ये कोंबली की तुम्ही सांगितलेलाच प्रकार होणार, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो.

पहिल्या कामाला मम्बल उत्तम. २००५ पासूनचा प्रकल्प आहे, सर्व्हर इतका हलका की रास्पबेरी पायवरही चालतो, कारण तो आवाज मिसळत बसत नाही. आलेली पाकिटं पुढे पाठवतो, मिसळण्याचं काम ज्याच्या त्याच्या मशीनवर होतं. डायरेक्टर, कॅमेरे, निर्माते असे चॅनल बनवा. 'व्हिस्पर' आणि 'शाउट'च्या वेगवेगळ्या की बांधता येतात, म्हणजे एफ१ दाबलं की फक्त कॅमेरे, एफ२ दाबलं की फक्त पुणे. १.४ आवृत्तीपासून एका चॅनलमध्ये बसून दुसऱ्या चॅनलवर कान ठेवण्याचीही सोय आहे. आपल्या महागड्या पॅनेलवरच्या 'टॉक' आणि 'लिसन' बटणांचं काम त्यातून बऱ्यापैकी भागतं.

उशिराचा हिशेब. मम्बलचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची पद्धत, ओपस आहे. २० मिलिसेकंदांच्या फ्रेमला ओपस स्वतः २६.५ मिलिसेकंद घेतो. त्यात साउंडकार्ड, जिटर बफर (पुढेमागे आलेली पाकिटं सावरणारी साठवण) आणि पुण्यापर्यंतचा प्रवास धरा. तारेचं ब्रॉडबँड असेल तर सगळं मिळून शंभराच्या आत बसायला हवं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस एका बाजूला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक संभाषणाला चालतो असं मानते. सेटिंगमध्ये 'ऑडिओ पर पॅकेट' १० किंवा २० ठेवा, आवाज ओळखून आपोआप सुरू होणारा पर्याय बंद करून पुश-टू-टॉकच ठेवा. चौपाटीवर ढोलताशा चालू असताना उघडा माइक म्हणजे पीसीआरमधल्या सगळ्यांच्या कानाला शिक्षा.

मीटर_लाल:
तारांचा_माणूस यांनी पार्टीलाइन जोडण्याबद्दल लिहिलं नाही, आणि उपकरण जळतं ते तिथेच, म्हणून ते मी लिहितो.

दोन तारांच्या लाइनवर नुसता आवाज नसतो, बेल्टपॅकला लागणारी वीजही त्याच केबलमधून जाते. क्लिअर-कॉम पद्धतीच्या लाइनमध्ये तीन पिनच्या एक्सएलआरवर पिन १ शील्ड, पिन २ वर साधारण ३० व्होल्ट डीसी आणि पिन ३ वर आवाज असतो. कनेक्टर माइकच्या केबलचाच. घाईत कुणी ती केबल मिक्सरच्या माइक इनपुटला किंवा साउंडकार्डला लावली की खेळ आटोपला. त्या केबलांना लाल टेप लावा आणि बॉक्सवर मराठीत ठसठशीत लिहून ठेवा.

जोडायचं असेल तर जाणारा आणि येणारा आवाज वेगळा करून दोन वायरचं चार वायर करणारा हायब्रिड लागतो. मेन स्टेशनवर फोर-वायरचा पोर्ट आहे का ते आधी बघा, असला तर काम सोपं. त्यातून लाइन लेव्हलचं आउट आणि इन मिळतं. ते एका यूएसबी साउंडकार्डला, आणि साउंडकार्ड एका छोट्या मशीनला, ज्यावर मम्बलचा क्लायंट कायम चालू. बाहेरच्यांना तो क्लायंट म्हणजेच तुमचं फ्लोअर. हायब्रिडवर 'नल'चा खटका किंवा पॉट असतो. सगळे बेल्टपॅक जोडलेले असतानाच तो लावा, एकाला "एक दोन तीन" बोलायला सांगा आणि परत येणारा आवाज कमीत कमी होईपर्यंत फिरवा. बेल्टपॅकची संख्या बदलली की पुन्हा लावावा लागतो. हे न केल्यास पुण्याच्या माणसाला स्वतःचाच आवाज उशिराने ऐकू येईल आणि तो तुमच्या सॉफ्टवेअरला दोष देईल.

रास्पबेरी पाय घेणार असाल तर त्याला आवाजाचं इनपुट नसतं हे ध्यानात ठेवा. पाय ५ ला तर हेडफोनचा जॅकही नाही. यूएसबी साउंडकार्ड लागणारच. लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात, पण हातात घेऊन इनपुट माइकचं आहे की लाइनचं ते बघून घ्या. स्वस्तातल्या बहुतेकांना फक्त माइक इनपुट असतं आणि त्यात लाइन लेव्हल घातली की आवाज फाटतो.

रात्रपाळी:
आयएफबीसाठी मी ॲस्टरिस्क सुचवेन. १९९९ पासूनचं आहे, रिपोर्टरच्या मोबाइलवर लिनफोन (एसआयपी फोनचं ॲप) टाकलं की झालं. एक आकडा डायल करून ती थेट आपल्या ईपीवर येते, कुठला चॅनल, कुठली की, काही शिकायला नको.

मुख्य गोष्ट एन-१. रिपोर्टरच्या कानात कार्यक्रमाचा आवाज तिचा स्वतःचा आवाज वगळून गेला पाहिजे. बॅकपॅकवरून तिचा आवाज स्टुडिओत पोचायला सेकंदभर किंवा जास्त लागतो. तोच परत कानात आला तर भलेभले अनुभवी लोक अडखळतात. त्यामुळे मिक्सरवर प्रत्येक रिपोर्टरसाठी वेगळा ऑक्स (वेगळं मिश्रण देणारं आउटपुट) काढा: रिपोर्टर एकच्या ऑक्समध्ये सगळं, फक्त रिपोर्टर एक नाही. तो ऑक्स साउंडकार्डमधून तिच्या एसआयपी कॉलला. दोन रिपोर्टर म्हणजे दोन ऑक्स, दोन कॉल. इथे काटकसर करू नका.

ॲस्टरिस्कचं कॉन्फब्रिज (त्यातली कॉन्फरन्सची सोय) वापरलंत तर ते बोलणाऱ्याला त्याचा स्वतःचा कॉलवरचा आवाज परत देत नाही. पण तिचा जो आवाज बॅकपॅकवरून मिक्सरमध्ये येतो तो कॉन्फब्रिजला ओळखता येत नाही, तो ऑक्सवरच काढावा लागतो. लोक इथेच फसतात.

एक बारीक पण महत्त्वाचं: कॉन्फब्रिजच्या यूजर प्रोफाइलमध्ये 'क्वाएट' हा पर्याय 'येस' करा. नाहीतर कुणी पहिलं आलं की "या कॉन्फरन्समध्ये सध्या तुम्ही एकटेच आहात" अशा अर्थाची इंग्रजी घोषणा कानात वाजते. रिपोर्टरचा फोन मध्येच तुटून पुन्हा लागला आणि ती ऑन एअर असली, तर ती बाई तिच्या कानात बोलत बसेल.

मीटर_लाल:
रात्रपाळी, कोडेकबद्दल थोडी भर. ॲस्टरिस्कमध्ये ओपसचं ट्रान्सकोडिंग (एका कोडेकमधून दुसऱ्यात बदल) करणारं जे अधिकृत मोड्यूल मिळतं ते फुकट आहे, पण बंद बायनरी आहे, ओपन सोर्स नाही. ताईंना सगळं खुलं हवं असेल तर दोन वाटा. ॲस्टरिस्कवर जी.७२२ वापरा. ते आतच असतं आणि साध्या फोनच्या दुप्पट सॅम्पलिंगचा, मोकळा आवाज देतं. किंवा फ्रीस्विच (ॲस्टरिस्कसारखंच दुसरं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) घ्या, त्यात ओपस आहे.

फरक गर्दीत पडतो. जी.७२२ ला ६४ किलोबिट आणि हेडर धरून ८० किलोबिट लागतात, दोन्ही दिशांना. ओपस २४ वर ठेवलं तर हेडरसकट ४० मध्ये बसतं, आणि बोलणं स्वच्छ कळतं. स्टुडिओत हा फरक नगण्य आहे, विसर्जनाच्या रात्री चौपाटीवर नाही. मी फ्रीस्विचच्या बाजूने.

रात्रपाळी:
मान्य. मला ॲस्टरिस्कच्या फाइली पाठ आहेत म्हणून मी तेच लिहिलं. ताई कोऱ्या पाटीवर सुरू करत असतील तर फ्रीस्विच.

चौपाटीजवळ:
मी गिरगावात राहतो आणि विसर्जनाचं चित्रीकरण करतो. तुमच्या सॉफ्टवेअरमधलं मला कळत नाही, पण एक सांगतो. दुपारनंतर मोठ्या मूर्ती यायला लागल्या की चौपाटीवर मोबाइलचा डेटा मरतो. फोनवर दांड्या पूर्ण दिसतात आणि मेसेज जात नाही. सगळे एकाच वेळी व्हिडिओ पाठवत असतात. जवळच्या एखाद्या इमारतीत ओळख काढा, गच्ची किंवा पहिल्या मजल्याची गॅलरी मिळवा आणि तिथल्या तारेच्या इंटरनेटवरून काम करा. हे चतुर्दशीच्या आदल्या दिवशी नाही, गणपती बसायच्या आधी ठरवा. सोसायट्यांकडे असे विचारणारे बरेच येतात.

फ्लोअरवरून:
सगळ्यांचे मनापासून आभार. मेन स्टेशनच्या मागे फोर-वायरचा पोर्ट आहे, आत्ताच टॉर्च लावून बघितला. गिरगावात आमच्या एका संपादकांचं आजोळ आहे, तिथे विचारते.

आणखी तीन शंका. आमच्या केबलवाल्याच्या इंटरनेटला पब्लिक आयपी नाही, मग सर्व्हर कुठे ठेवू? रिपोर्टरला सॉफ्टवेअर न टाकता नुसत्या लिंकवर घेता येईल का? आणि इंटरनेटवरून फोन करण्यात कायद्याची काही भानगड आहे का?

तारांचा_माणूस:
सर्व्हर क्लाउडवर, पण मुंबईतल्याच डेटा सेंटरमध्ये घ्या. मोठ्या कंपन्यांचे मुंबई रीजन आहेत. गोरेगावातून गिरगावला जाणारा आवाज सिंगापूरला जाऊन परत यायचं कारण नाही. त्यावर वायरगार्ड (खासगी जाळं, म्हणजे व्हीपीएन, बनवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि सगळे क्लायंट त्या व्हीपीएनमधूनच जोडा. त्याने पब्लिक आयपीचा प्रश्न मिटतो आणि एसआयपीचा ५०६० पोर्ट जगाला उघडा राहत नाही. तो उघडा ठेवलात तर पासवर्ड चाचपणारे बॉट लगेच येतात.

लिंकवर घ्यायचं तर आयविन या स्वीडिश कंपनीचा 'ओपन इंटरकॉम' बघा. वेबआरटीसीवर, ब्राउझरमध्ये चालतो, सोर्स खुला आहे. सर्टिफिकेट मात्र नीट लावा, एचटीटीपीएस नसेल तर ब्राउझर माइक देतच नाही. पुण्याच्या निर्मात्यांना लॅपटॉपवर हे छान पडेल. रिपोर्टरला मी देणार नाही. फोन खिशात गेला, स्क्रीन बंद झाली की ब्राउझरच्या माइकचा भरवसा नाही. तिला लिनफोनच द्या. ब्लूटूथचा ईपी नको, तारेचाच. ब्लूटूथ उशीर वाढवतो आणि गर्दीत मध्येच तुटतो.

कायद्याचं थोडक्यात: आपल्याच माणसांचा बंद गट, आपल्याच सर्व्हरवर, आणि सार्वजनिक टेलिफोन जाळ्याला कुठेही न जोडलेला, एवढ्यावर राहा. साध्या मोबाइल नंबरवरून आत यायची सोय हवी असेल तर परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडूनच एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून मिळणारी फोनलाइन) घ्या. सिमकार्डांचे गेटवे बसवून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

रात्रपाळी:
माघारीसाठी एक साधा मोबाइल पीसीआरमध्ये ठेवा, त्याचा आवाज केबलने मिक्सरवर. डेटा मेला तरी साधा कॉल पुष्कळदा लागतो. रिपोर्टरच्या दुसऱ्या फोनमध्ये, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर, तो नंबर स्पीड डायलला असू द्या. ईपी गेला की काय करायचं ते दोघींना आधीच सांगून ठेवा: बोलत राहायचं, कॅमेऱ्याकडे बघत राहायचं, कॅमेरामन हाताने खूण करेल. ती खूण आधी ठरलेली हवी.

फ्लोअरवरून:
ठरलं तर मग. फ्लोअर तारेवरच, फोर-वायरमधून मम्बल, रिपोर्टरसाठी फ्रीस्विच आणि दोन ऑक्स, निर्माते ब्राउझरवर. आधी शनिवारच्या चर्चेत पुण्याची बाजू चालवून बघते, कारण तो कार्यक्रम रेकॉर्डेड असतो. तारांचा_माणूस, मम्बलच्या त्या मशीनला आणि नेटवर्क स्विचला वेगळा यूपीएस देऊ का पीसीआरचाच पुरेल?

तारांचा_माणूस:
पीसीआरचाच द्या, पण लोड मोजून. आणि राउटर व केबलवाल्याचा डबासुद्धा त्याच यूपीएसवर घ्या. तो नेहमी दाराशी कुठल्यातरी पंख्याच्या प्लगवर असतो.