टोकियोतील मुक्काम: उएनो की शिंजुकू?
पहिल्यांदाच जपानला जाताना टोकियोत शिंजुकूला उतरावे की उएनोला, असे आपण विचारले आहे. माझे मत उएनोच्या बाजूने आहे, कारण नारिता विमानतळावरून सुटणारी स्कायलायनर गाडी साधारण ४० मिनिटांत थेट तेथे पोहोचते आणि शहराला वळसा घालणारी यामानोते लाइनही तेथूनच जाते. उलट शिंजुकूच्या अवाढव्य स्थानकात योग्य दार सापडेपर्यंतच नवखा माणूस, त्यातून हातात दोन बॅगा असल्या तर, मेटाकुटीला येतो. खोलीच्या फोटोला भुलू नये, चौरस मीटर वाचावेत. ‘सेमी-डबल’ म्हणजे जेमतेम १२० सेंटिमीटर रुंदीचा पलंग. आम्ही उभयतांनी त्यावर चार रात्री कूस न बदलता काढल्या. खोली बहुधा दुपारी ३ नंतरच मिळते, मात्र सामान आधी ठेवून घेतात.