उपजत मृत्यू म्हणजे नेमकं काय?

पारवा: घरची वंशावळ संगणकावर चढवतेय. आजीला पाच मुलं, पण ती सहा मोजायची. पहिलं 1972 च्या दुष्काळात मेलेलंच झालं. आता त्याची नोंद शोधायला नगरपालिकेत गेले. मृत्यूचं रजिस्टर पालथं घातलं, काही नाही. शेवटी कारकून म्हणाले, "उपजत मृत्यू आहे का?" मी बघतच राहिले. गुण उपजत असतात, बुद्धी उपजत असते. मृत्यू कसा उपजत? आणि वंशावळीच्या चौकटीत कोणता शब्द घालू?

बोरूबहाद्दर: उपजणे म्हणजे जन्मणे. 'हसत आला' तसं 'उपजत मेला'. ज्ञानेश्वरीत 'उपजे तें नाशे' आहेच. चूक सरकारची. उपजत मृत म्हणा, उपजत मृत्यू नाही.

सदाफुली: कोशात मृतजात सापडेल, पण बाळंतिणीच्या खोलीत तो कुणी उच्चारलेला ऐकला नाही. आमच्याकडे 'पोटातच गेलं' म्हणायचे. गाभडणं फक्त गुरांचं. माणसाला तो शब्द लावला म्हणून मी आजीचा रट्टा खाल्लाय.

जुनी वही: नोंदणीच्या टेबलावर 31 वर्षं काढली म्हणून सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात उपजत मृत्यू हा जन्मच धरलाय. मृत्यू म्हणायला आधी जिवंत जन्म व्हावा लागतो. तेव्हा मृत्यूच्या रजिस्टरात शोधलंत तर जन्मात सापडणार नाही! त्याची वही निराळी. 28 आठवडे भरलेले असले तर त्यात नोंद, नाहीतर नाही. आणि आत्ताच्या त्याच्या फॉर्ममध्ये, म्हणजे नमुना 3 मध्ये, बाळाच्या नावाचा रकानाच नाही. आईबापाच्या नावावरून शोधायचं, ताई.

बोरूबहाद्दर: म्हणजे कायदा म्हणतो जन्म आणि मराठी फॉर्म म्हणतो मृत्यू! शब्दानं माणसाला भलत्याच वहीत पाठवलं. मृतजन्म हाच शब्द हवा.

सदाफुली: अहो काका, मगाशी उपजतचं गुणगान कोण करत होतं? अस्सल मराठी शब्द टाकून परत संस्कृतच?

खडीसाखर: उपजतसुद्धा संस्कृतच. उप अधिक ज, जसा उपनदी.

बोरूबहाद्दर: कसला उप! उत्पद्यते, मग प्राकृतात उप्पज्जइ, मग उपजे. तुमच्या हिशोबानं उपरणंही उप अधिक रण होईल.

जुनी वही: डॉक्टर लोक सरळ स्टिलबर्थ म्हणतात. बायकांनाही तो कळतो.

सदाफुली: कळतो हो. पण आई तो शब्द वापरते का? आमच्या कुलवृत्तांतात 'बालपणी वारला' आहे, तेही बारसं झालेल्यांनाच. बाकीच्यांना जागाच नाही.

पारवा: जुनी वही, आभार. सोमवारी आजोबांच्या नावानं ती निराळी वही मागते. पण चौकटीत काय लिहू? संगणक नाव मागतोय, नाव दिल्याशिवाय पुढे सरकतच नाही.

खडीसाखर: उपरणं मग कशावरून आलं?