पाणी गेलेला सेकंडहँड कॅमेरा घ्यावा का? (अनुभव धागा, नाशिक)

पावसाळा सरत आला की नाशिकच्या सेकंडहँड बाजारात एक ठरलेलं वाक्य फिरायला लागतं: "थोडं पाणी गेलं होतं, सुकवलाय, आता एकदम ओके." किंमत बाजारभावाच्या निम्मी. हरिहरच्या पायऱ्यांवर भिजलेला, रंगपंचमीला रहाडीच्या (रंगाच्या पाण्याच्या हौदाच्या) काठावर रंग खाल्लेला, गंगेला (म्हणजे गोदावरीला) पूर आला तेव्हा सराफ बाजाराच्या बाजूला कपाटातच बुडालेला, सगळे याच एका वाक्यात बसतात. असा कॅमेरा घ्यावा का, काय तपासावं, किती द्यावेत, ते जाणकारांनी लिहावं. "ओळखीच्यांचा अजून चालतोय" एवढ्याने कुणाचं काम होत नाही. कुठलं पाणी, कुठला भाग, काय बिघडतं आणि का, ते हवंय.

कॅमेरा दुरुस्ती, महात्मा गांधी रोड

विकणाऱ्याला आधी दोनच प्रश्न विचारा. पाणी कुठलं होतं? आणि भिजला तेव्हा बॅटरी आत होती का? दुसऱ्याचं उत्तर "होती, लगेच चालू करून बघितला" असं आलं तर पुढचं बोलणं फक्त स्पेअर पार्टच्या भावाने करा.

कारण असं. बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या आणि कनेक्टरच्या पिना एकमेकींपासून अर्धा मिलिमीटरही लांब नसतात. मध्ये पाणी आणि दोन्हीकडे वेगळा व्होल्टेज असला की एका पिनेवरचं तांबं विरघळून दुसरीकडे सरकतं. केसासारखे धागे तयार होतात, शॉर्ट होतं, उरलेल्या जागी हिरवट-निळी भुकटी साचते. बॅटरी काढलेली असेल तर हाच प्रकार फार हळू होतो.

पाणी वाळलं तरी त्यातले क्षार आतच राहतात, आणि हवेतली ओल धरून ठेवतात. म्हणून असा कॅमेरा एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सुरळीत चालतो आणि जुलैत त्र्यंबकला नेला की बटणं आपोआप दाबल्यासारखी वागतात, मेन्यू स्वतःच सरकतो, नाहीतर तो बंदच होत नाही. उन्हाळ्यात तपासून घेतलेला कॅमेरा म्हणजे अर्धीच तपासणी.

पाण्याचा क्रम वाईटाकडून बऱ्याकडे असा: समुद्र, रंगाचं पाणी, पुराचं गढूळ पाणी, बोअरचं जड पाणी, पाऊस. समुद्रात पडलेली डिजिटल बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) फुकट मिळाली तरच घ्या.

जुन्या बॉडी-लेन्सची खरेदी-विक्री, कॉलेज रोड

टेबलावर कॅमेरा आला की चालू करायच्या आधी पाच मिनिटं नुसता बघायचा. सोबत टॉर्च आणि भिंग ठेवा.

बॅटरीचं झाकण उघडा. आतल्या पिना सोनेरी हव्यात. काळपट किंवा हिरवट असतील, किंवा नखाने खरवडल्यासारख्या चकचकीत असतील, तर कुणीतरी साफ केल्यात. मग लेन्स काढून माउंटच्या (लेन्स बसते त्या) रिंगवरचे स्क्रू, तळाच्या ट्रायपॉडच्या छिद्राभोवतीची प्लेट आणि हॉट शूच्या (वर बाहेरचा फ्लॅश बसतो त्या खाचेच्या) पट्टीखालची फट बघा. हॉट शूखाली पांढुरका थर म्हणजे वरून पाणी उतरलंय. तळाच्या स्क्रूवर तांबूस गंज म्हणजे कॅमेरा पाण्यात उभा होता.

स्क्रूची डोकी महत्त्वाची. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) पद्धतीचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लावला की खाच घसरते आणि कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. अशी डोकी दिसली की समजायचं, हा कंपनीबाहेर उघडलाय. रबराची ग्रिप कोपऱ्यात अंगठ्याने जरा ओढून बघा. खाली फेव्हिक्विकचा कडक पांढरा डाग असेल तर तेच.

व्ह्यूफाइंडरमध्ये डाग दिसतो पण फोटोत येत नाही, असं असेल तर पाणी फोकसिंग स्क्रीन आणि प्रिझमच्या मध्ये गेलंय. विकणारा "ती धूळ आहे" म्हणेल. धूळ ठिपक्यासारखी दिसते, वाळलेल्या पाण्याला कड असते.

आता चालू करा, स्वतःची चार्ज केलेली बॅटरी आणि स्वतःचं कार्ड घालून. प्रत्येक बटण, प्रत्येक डायल दोन्ही दिशांनी, दोन्ही कार्ड स्लॉट. हॉट शूवर फ्लॅश लावून टीटीएलवर (लेन्समधून उजेड मोजणाऱ्या ऑटो मोडवर) फोटो. एचडीएमआय, यूएसबी, माइकचं सॉकेट. पाणी बहुतेक वेळा या सॉकेटांच्या फाटक्या रबरी झाकणांतूनच शिरतं आणि हीच सॉकेटं कुणी तपासत नाही. पांढऱ्या भिंतीचा १/४००० सेकंदाच्या शटर स्पीडवर फोटो घ्या; एका बाजूला काळी सावली आली तर शटरची पाती अडखळताहेत. त्याच भिंतीचा एफ/१६ वर (लेन्सचं छिद्र लहान करून), फोकस जाणूनबुजून बिघडवून आणखी एक घ्या. सेन्सरवरचे कड असलेले गोल डाग त्यात उघडे पडतात. शेवटी लेन्सला टोपी लावून आयएसओ १६०० वर ३० सेकंदांचं एक्स्पोजर. चार-दोन रंगीत ठिपके चालतात, पट्टे चालत नाहीत.

कॅननवर एरर ०१ आला तर लेन्स आणि बॉडीचं बोलणं तुटतंय. दुसरी लेन्स लावा. तरीही आला तर दोष माउंटच्या पिनांमध्ये किंवा मागच्या पट्टी-केबलमध्ये.

इलेक्ट्रॉनिक्स, अंबड

वरच्या यादीत एक चाचणी राहिली आणि माझ्या मते तीच सगळ्यांत उपयोगी आहे. पूर्ण चार्ज केलेली चांगली बॅटरी घालून कॅमेरा स्विचने बंद करा आणि रात्रभर ठेवा. वाय-फाय, ब्लूटूथ आधी मेन्यूतून बंद करा, नाहीतर निकाल फसवा येतो. सकाळी एक-दोन टक्के कमी दिसले तर हरकत नाही. पंधरा-वीस टक्के उतरली असेल तर बोर्डावर कुठेतरी करंट गळतोय, आणि ती गळती वाढत जाते.

विकणारा रात्रभर द्यायला तयार नसेल तर टोकन देऊन त्याच्याच घरी ठेवायला सांगा आणि सकाळी बॅटरीचा आकडा समोर बघा.

घड्याळही बघा. मुख्य बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत घातली आणि तारीख पुसली गेली, तर आतली छोटी बॅकअप बॅटरी संपलीय. काही जुन्या कॅननमध्ये ती सीआर १६१६ सारखी नाण्याएवढी असते, सहज बदलता येते. ज्यात ती बोर्डाला जोडलेली आहे तिथे मात्र तो पाण्याचा पुरावाही असू शकतो.

भिजलेली मूळ बॅटरी सोबत देत असतील तर घेऊ नका. पाणी शिरलेली लिथियम बॅटरी चार्जला लावणं धोक्याचं. नवीन बॅटरीचे पैसे हिशेबात आधीच धरा.

पक्ष्यांचे फोटो, नांदूर मधमेश्वर

"वेदर सील्ड आहे, काही होत नाही" हे ऐकून घेणाऱ्यांसाठी. सील म्हणजे सांध्यांमधला फोम आणि रबर. शिंतोड्यांना तो पुरतो, बुडण्याला नाही. एकदा बॉडी उघडून परत बसवली की तो फोम पूर्वीसारखा दबत नाही. म्हणजे दुरुस्त केलेली सील्ड बॉडी पुढच्या पावसात बिनसीलची समजूनच वापरायची.

लेन्सच्या बाबतीत बॉडीपेक्षाही कडक राहा. पाणी काचांच्या मध्ये गेलं की काही आठवड्यांत बुरशी. टॉर्च एका टोकाकडून तिरका मारा, दुसऱ्या टोकाने बघा, मग उलटं. डायफ्रॅम (लेन्समधलं लहान-मोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडा असू द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. दुधाळ, एकसारखा पडदा म्हणजे हेझ. हेझ बहुतेक वेळा साफ होतो. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही खूण राहते आणि समोरून उजेड आला की फोटो फिका पडतो. झूम रिंग कानाजवळ धरून फिरवा. करकर आवाज आला तर गाळ आहे, आणि गाळ गेलेली झूम लेन्स उघडून जुळवून बसवण्याची मजुरी अनेकदा लेन्सच्या किमतीला भिडते.

एक मात्र नक्की, बुरशीची लेन्स बाकीच्या लेन्ससोबत एका बॅगेत ठेवू नका.

लग्न आणि कार्यक्रमांचं शूटिंग, पंचवटी

रंगाच्या पाण्याबद्दल वेगळं लिहितो, कारण नाशिकमध्ये हा प्रकार जास्त. रहाडीत धप्पा (उडी) मारला की पाणी चांगलं दहा फूट उडतं, आणि काठावरचे कॅमेरे बहुतेक वेळा लेन्सच्या रिंगमधून आणि वरच्या डायलमधून ते पितात. बाहेरून पुसला की नवा दिसतो. मोड डायल आणि शटर बटणाभोवतीची फट भिंगाने बघा, कापसाची काडी ओली करून फिरवा. गुलाबी-पिवळी निघाली की झालं. रंग वाळला की डिंकासारखा चिकटतो. शटर बटण अर्धं दाबलेलंच राहतं, फोकस पुढे-मागे शोधत बसतो. वरचं कव्हर काढून साफ करता येतं, तेवढं एक बरं.

मिररलेस (आत आरसा नसलेला) घेत असाल तर सेन्सरचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) चालू करून १/८ सेकंदावर हातात धरून फोटो काढा. चित्र थरथरलं किंवा घरघर ऐकू आली तर सोडा. बंद अवस्थेत हलवल्यावर येणारा हलका खडखडाट काही मॉडेलांत नेहमीचाच असतो, त्याला घाबरू नका.

हौशी, नाशिक रोड

सगळ्यांनी "नको" म्हटलंय, म्हणून दुसरी बाजू. जुनी डीएसएलआर, पावसाचं पाणी, बॅटरी लगेच काढलेली, आणि वरच्या चाचण्या पास: अशी बॉडी शिकायला घ्यायला काय हरकत? फक्त भावात गल्लत नको. समजा तीच बॉडी चांगल्या अवस्थेत ३०,००० ला मिळते. मेन बोर्ड, शटर असे कुठले पार्ट जातील ते धरा, दुरुस्तीची मजुरी धरा, नवी बॅटरी धरा. बहुतेक वेळा उरतात पाच-सहा हजार. तेवढेच द्या. निम्मा भाव म्हणजे १५,०००, आणि तेवढ्यात आणखी थोडे घातले की एक पिढी जुनी पण कोरडी बॉडी मिळते.

पूर्ण यांत्रिक फिल्म कॅमेऱ्याचा हिशेब वेगळा. निकॉन एफएम२ सारख्याचे सगळे शटर स्पीड बॅटरीशिवाय चालतात. उजेड मोजणारं मीटर गेलं तरी यंत्र उघडून, साफ करून, तेल देऊन उभं करता येतं.

कॅमेरा दुरुस्ती, महात्मा गांधी रोड

भाव पटला. पण लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याने पाच हजारांतही घेऊ नये. फेरे दुसऱ्यांदा होत नाहीत.

आणि जे घेऊन घरी उघडणार आहेत त्यांना: ज्या बॉडीत फ्लॅश बसवलेला आहे तिच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो, बॅटरी काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो. माहिती नसेल तर कव्हरला हात लावू नका.

तांदळाच्या डब्यात ठेवलेला कॅमेरा म्हणजे सॉकेटात पीठ. सुकवायचाच तर बॅटरी, कार्ड, लेन्स काढून पाच लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात अर्धा किलो सिलिका जेल, किमान तीन-चार दिवस. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात भाजू नका. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही नको, एलसीडीचे थर आणि गोंद सुटतात.

सुकवण्याने क्षार जात नाहीत, हे वर आलंच. त्यासाठी बोर्ड बाहेर काढून आधी डिस्टिल्ड वॉटर, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. मेडिकलमधल्या ७० टक्केवाल्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं. सेन्सर, एलसीडी आणि व्ह्यूफाइंडरपासून अल्कोहोल लांब ठेवा. पट्टी-केबलच्या कनेक्टरची कुलुपं आधी उचला, ओढून काढलीत तर पाण्यातून वाचलेला कॅमेरा तुमच्या हातून जाईल.

कॉलेज रोड (वरचेच)

कागदांचं राहिलं. मूळ जीएसटी बिल आणि बॉडीवरचा सिरियल नंबर जुळवा. सर्व्हिस सेंटरला दाखवला होता का ते विचारा. दाखवला असेल तर जॉबशीट मागा. त्यावर "लिक्विड डॅमेज" आणि खर्चाचा अंदाज लिहिलेला असतो, आणि बरेच कॅमेरे तो अंदाज ऐकल्यावरच विकायला निघतात. जॉबशीट हरवली म्हणाले तर सिरियल नंबर सांगून सेंटरला फोन करून बघा. वॉरंटी शिल्लक आहे म्हणून जास्त मागत असतील तर देऊ नका, पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. घेतलाच तर पावतीवर "पाणी गेलेला, तपासून घेतला" असं दोघांच्या सहीने लिहून घ्या. पुढे तुम्ही विकाल तेव्हा तीच पावती दाखवा.