माणूस आखाजीच्या सुट्टीवरून गेला

कारखान्यात कामगार का टिकत नाहीत, या चर्चेत एकांनी लिहिलंय की पगार वाढवला की माणसं टिकतात. मला ते अर्धंच पटलं.

मी जळगाव एमआयडीसीत एका चटई कारखान्यात ९ वर्षं सुपरवायझर होतो. आमचा सगळ्यात चांगला लूम (माग) ऑपरेटर नोकरी सोडून गेला, तो आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीवरून. लग्नानंतर बहीण पहिल्यांदाच आखाजीला माहेरी येणार होती. त्याने महिनाभर आधी दोन दिवस मागून ठेवले होते. आदल्या संध्याकाळी वरून निरोप आला, ऑर्डर आहे, जमणार नाही. तो भांडला नाही. कात्री माझ्या टेबलावर ठेवली, "भाऊ, येतो" म्हणाला आणि गेला. आता चाकणला आहे. खोलीभाडं, खानावळ जाऊन हातात इथल्याइतकंच उरतं, तरी परत यायचं नाव काढत नाही. त्याच्या जागी आलेल्या पोराचा हात बसेपर्यंत किती माल रिजेक्ट झाला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मालकांनी मे महिन्यात दुपारी दोनला शेडमध्ये तासभर उभं राहावं. बाहेर ४५ अंश, डोक्यावर पत्रा, शेजारी तापलेला एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवणारं मशीन). तिथे दोन एक्झॉस्ट पंखे बसवायला असा किती खर्च येतो?

आणि ५ वर्षं भरत आली की ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) द्यावी लागू नये म्हणून नोकरीत ब्रेक देणं, म्हणजे काही दिवस काढून पुन्हा घेणं, थांबवा. कायम कामगाराची ग्रॅच्युइटी म्हणजे वर्षामागे १५ दिवसांचा पगार. तेवढ्यासाठी हाताशी तयार झालेला माणूस घालवता? कामगारांना हे सगळं कळतं. चौथ्या वर्षीच ते दुसरीकडे चौकशी सुरू करतात.