बँकांची बँक, पण नेमकी कोणत्या बँकांची?

ठेवपावती:
पीएमसीवर, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. खात्यातून काढता येणार होते फक्त १,००० रुपये. येस बँकेवर ५ मार्च २०२० ला आले, तिथे मर्यादा ५०,००० आणि १८ मार्चला सगळं मोकळं! स्टेट बँकेसह इतर बँकांनी भांडवल ओतलं. शिवाय गरज पडल्यास रोकड देऊ, असं रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी जाहीर केलं. पीएमसीचं युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण व्हायला जानेवारी २०२२ उजाडलं. रिझर्व्ह बँक बँकांची बँक, म्हणजे अडचणीत बँकांना उधार देणारी, आहे ना? मग एकीला सख्खी, दुसरीला सावत्र का?

तिजोरीवाला:
साहेब, रोकड अडणं वेगळं आणि बुडणं वेगळं. तारण चांगलं असेल तर रिझर्व्ह बँकेकडून रेपोवर (रोखे तारण ठेवून अल्पमुदतीचं कर्ज) किंवा एमएसएफखाली (तसंच, पण जरा महाग, एका रात्रीचं कर्ज) पैसे मिळतात. पीएमसीची सत्तर टक्क्यांहून जास्त कर्जं एकाच बिल्डर समूहाकडे, तीही २१ हजारांहून जास्त बोगस खात्यांआड. तिला कशावर उधार देणार?

ठेवपावती:
येसची कर्जंही काही सोन्याची नव्हती.

तिजोरीवाला:
नव्हतीच. पण तिथे ८,४०० कोटींहून जास्त रकमेचे एटी-१ रोखे (बँक अडचणीत आली की ज्यांचे पैसे बुडू शकतात असे) शून्य केले, तो फटका कोणी मोजत नाही. शिवाय एवढी मोठी बँक कोसळली असती तर तिच्यात पैसे अडकलेल्या बाकी बँकाही हादरल्या असत्या.

मुलुंडकर:
म्हणजे मोठं असणं हेच तारण! आमच्या सोसायटीतले आजोबा पीएमसीतली, विम्याच्या पाच लाखांवरची ठेव अजून हप्त्याहप्त्याने मोजतायत. आणि बोगस खाती तपासणीत दिसली कशी नाहीत? दरवर्षी तपासणीला येणारे काय चहा प्यायला येत होते?

तिजोरीवाला:
हा मुद्दा मान्य. सहकारी बँकांवर सहकार निबंधक आणि रिझर्व्ह बँक अशा दुहेरी नियंत्रणाची सबब सांगतात, पण बँकिंगची तपासणी रिझर्व्ह बँकेकडेच होती.

वऱ्हाडी:
जुनी गोष्ट आहे हो ही. १९६० मध्ये आमच्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बुडाली, तेव्हा कुठे १९६२ पासून ठेवविमा आला. तोही १,५०० रुपयांचा, आणि सहकारी बँकांना सुरुवातीला तेवढाही नव्हता.

ठेवपावती:
तेच तर! विमा १ लाखाचा ५ लाख झाला, तोही पीएमसी बुडाल्यावर. तिजोरीवाले, तुमची स्वतःची ठेव कुठे आहे, तेवढं सांगा.

तिजोरीवाला:
निम्मी स्टेट बँकेत, निम्मी सहकारीत. बायकोला हे सांगू नका.