स्प्लेंडरचं मागचं चाक घरी काढून बसवणं: अ‍ॅक्सल नट आवळला की चाक जड होतंय

चाकधारी
मंडळी, गाडी स्प्लेंडर प्लस, २०१४ ची, स्पोकची चाकं, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. मागची ट्यूब आणि चाकातली दोन्ही बेअरिंगं बदलली आहेत. आता चाक बसवताना अडचण अशी की चाकाच्या मधून आरपार जाणाऱ्या दांड्याचा नट म्हणजे अ‍ॅक्सल नट हाताने लावला तर चाक मस्त फिरतं. पान्याने आवळला की जड होतं, आणखी आवळला तर जेमतेम अर्धा फेरा जातं. नट अर्धा फेरा सोडला की पुन्हा मोकळं. असंच ढिलं ठेवून चालवायचं नाहीच आहे, म्हणून विचारतो:
१) हे नक्की कशामुळे होतं?
२) चाक काढताना चेनच्या बाजूचा मोठा नटही सोडला होता. तो सोडायचा असतो का?
३) बसवण्याचा योग्य क्रम कोणी नीट सांगेल का?

पाना_१९
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

तो मोठा नट म्हणजे स्लीव्ह नट. चेन व्हील (मागचं दातेरी चाक) ज्या कॅरिअरवर असतं, तो कॅरिअर या नटाने चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या दांड्याला, धरून ठेवलेला असतो. चाक काढायला त्याला हात लावायची गरजच नाही. या गाडीची रचना अशी आहे की चेन, चेन कव्हर, चेन व्हील सगळं जागेवर राहतं आणि फक्त चाक उजवीकडे सरकून कॅरिअरपासून सुटतं. म्हणजे चेनचा ताण आणि डावीकडची लाइन (चाक सरळ रेषेत असणं) जशीच्या तशी राहते. स्लीव्ह नट सोडला की दोन्ही बिघडतात आणि चेन पुन्हा लावावी लागते.

काढण्याचा क्रम:

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. स्टँडच्या दोन्ही पायांखाली इंच-दीड इंचाची एकच सलग फळी. दोन वेगळे तुकडे नकोत, एक सरकला तर गाडी कलंडते. ही उंची मिळाली नाही तर चाक मडगार्डखालून निघत नाही.

ब्रेक रॉडचा नट पूर्ण काढा, पायब्रेक दाबून रॉड मोकळा करा. ब्रेक आर्ममधली गोल पिन आणि स्प्रिंग लगेच रॉडवर परत चढवून नट दोन आटे लावून ठेवा. हे दोन तुकडे सगळ्यात जास्त हरवतात.

मग टॉर्क आर्म, म्हणजे ब्रेक प्लेटपासून (ब्रेक शू ज्यावर असतात ते ड्रमचं झाकण) चिमट्याकडे जाणारी चपटी पट्टी. तिची स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली दोन पायांची पिन) काढा, नट-बोल्ट काढा. त्यानंतर अ‍ॅक्सल नट सोडून अ‍ॅक्सल बाहेर ओढा. उजव्या चिमट्यात आणि ब्रेक प्लेटच्या मध्ये एक कॉलर असतो, तो पडतो. कुठली बाजू आत होती ते बघून ठेवा. चाक उजवीकडे ओढलं की कॅरिअरवरून सुटतं. ब्रेक प्लेट हाताने बाहेर काढा, गाडी कोणाला तरी थोडी डावीकडे झुकवून धरायला सांगा आणि चाक काढा. एकट्याने झुकवू नका.

अ‍ॅक्सल हलत नसेल तर थेट आट्यांवर हातोडी मारू नका. टोक फुगतं आणि मग नट चढत नाही. नट टोकाच्या पातळीला येईल इतका लावा आणि नायलॉनच्या हातोडीने किंवा लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका.

बेअरिंगवाले_काका
तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नक्की नव्या बेअरिंगमध्ये आहे. "नट आवळला की जड, सोडला की मोकळं" हे लक्षण फार नेमकं आहे.

हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत दोन बेअरिंगच्या मध्ये एक नळी असते, तिला डिस्टन्स कॉलर म्हणतात. अ‍ॅक्सल आवळला की सगळा दाब एका बाजूच्या बेअरिंगच्या आतल्या कड्यावरून या नळीवर आणि नळीवरून दुसऱ्या बेअरिंगच्या आतल्या कड्यावर जातो. बाहेरची कडी हबमध्ये बसलेली असतात, त्यांच्यावर हा दाब यायलाच नको. नळी विसरली, झिजून आखूड झाली किंवा दुसऱ्या गाडीची बसवली, तर आतली दोन कडी एकमेकांकडे ओढली जातात आणि गोळ्या तिरक्या दाबाखाली येतात. चाक जड होतं. असं चालवलं तर बेअरिंग काही दिवसांत आवाज करायला लागतं.

याच्या उलटही होतं. बेअरिंग ठोकताना एक पूर्ण तळाशी बसलेलं असतं आणि दुसरं नळीला टेकल्यावरही ठोकत राहतात. तेव्हा दुसऱ्याचं बाहेरचं कडं जास्त आत जातं, आतलं कडं नळीवर अडतं, आणि नट आवळण्याआधीच चाक खरखरतं. तुमचं हाताने लावल्यावर मोकळं आहे, म्हणजे हा प्रकार बहुधा नाही.

योग्य पद्धत: एका बाजूचं बेअरिंग हबमधल्या खांद्याला टेकेपर्यंत ठोका. टेकलं की ठोकण्याचा आवाज बदलतो, बद्दचा टणक होतो. चाक उलटं करा, नळी टाका, दुसरं बेअरिंग नळीला टेकेल इतकंच ठोका आणि थांबा. बोट घालून नळी हलवून पाहा: जोर लावून आडवी थोडी सरकली पाहिजे, पण खुळखुळायला नको. ठोकताना मार फक्त बाहेरच्या कड्यावर. जुनं बेअरिंग वर ठेवून किंवा त्याच मापाच्या सॉकेटने ठोका. आतल्या कड्यावर मार बसला तर गोळ्यांच्या खाचेत डाग पडतात आणि नवं बेअरिंग त्याच दिवशी खराब होतं.

तपासायचं कसं? चाक गाडीबाहेर ठेवा, ब्रेक प्लेट काढा. अ‍ॅक्सल घाला, दोन्ही बाजूंना असा पाईपचा तुकडा लावा जो फक्त आतल्या कड्यावर टेकेल, आणि नट आवळा. अ‍ॅक्सल हातात धरून चाक फिरवा. इथेही जड झालं तर दोष नळीत किंवा बेअरिंगमध्ये. इथे मोकळं फिरलं तर दोष हबच्या बाहेर.

कोकणी_मोटर
काकांशी सहमत, पण हब उघडण्याआधी दोन मिनिटांची एक परीक्षा करून घ्या. जड झालेल्या अवस्थेतच ब्रेक रॉडचा नट पाच-सहा फेरे ढिला करा. चाक मोकळं झालं तर बेअरिंग निर्दोष आहे, ब्रेक शू घासतोय. एका फेऱ्यात एकदाच घासल्याचा आवाज येत असेल तर ड्रम नीट गोल राहिलेला नाही.

दुसरी शक्यता हब रबरांची. कॅरिअरच्या दांड्या हबमधल्या रबरांत शिरतात. चाक ढकलताना एखादं रबर दुमडलं की चाक पूर्ण आत बसत नाही, दोन-तीन मिलिमीटर फट राहते. मग नट आवळून आपण ती फट जबरदस्तीने मिटवतो आणि सगळंच आखडतं. डोळ्यांनी दिसतं: हब आणि कॅरिअरमधली फट चारी बाजूंनी सारखी हवी. रबराला साबणाचं पाणी लावा, चाक थोडं पुढे-मागे फिरवत ढकला. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं.

चाक काढलंच आहे तर रबरंही पाहून घ्या. कॅरिअरवर बसवल्यावर चाक हाताने पुढे-मागे केलं आणि खडखड फिरलं, तर रबरं गेली. गिअर टाकताना मागून "टक्" झटका येतो तो बहुतेक वेळा यांचाच. बदलायची तर पूर्ण सेट.

समुद्राजवळच्या गाड्यांसाठी: पावसाळ्यानंतर अ‍ॅक्सल कॉलरमध्ये गंजून चिकटतो. आदल्या रात्री दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल सोडा. बसवताना अ‍ॅक्सल घासकागदाने साफ करून ग्रीसचा पातळ हात द्या, पुढच्या वेळी बोटाने निघेल.

पाना_१९
ग्रीस अ‍ॅक्सलच्या अंगाला, आट्यांना नाही. आट्यांवर ग्रीस असेल तर त्याच जोराने नट जास्त आवळला जातो आणि आटे ताणले जातात. आटे कोरडे, स्वच्छ पुसून.

आता बसवण्याचा क्रम. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट टॉर्क आर्म. ब्रेक लावला की शूबरोबर ब्रेक प्लेटही फिरायला बघते, तिला फक्त ही पट्टी अडवते. पट्टी जोडायची राहिली तर पहिल्याच जोरकस ब्रेकला प्लेट फिरते, ब्रेक रॉड वाकतो किंवा गुंडाळला जातो आणि चाक अडकतं. चालत्या गाडीचं मागचं चाक अडकणं म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून चाक बसल्यावर बाकी काहीही करण्याआधी या पट्टीचा बोल्ट घाला.

ब्रेक प्लेट ड्रममध्ये, मग चाक चिमट्यात, कॅरिअरवर पूर्ण ढकलून. उजवीकडे कॉलर, चेन अ‍ॅडजस्टरची पट्टी आणि मग अ‍ॅक्सल. कॉलर विसरला तर नट आवळताना चिमटा आत ओढला जातो, चाक उजवीकडे सरकतं आणि कॅरिअरच्या दांड्या रबरांतून अर्धवट बाहेर येतात.

टॉर्क आर्मचा नट हातानेच, ब्रेक रॉड जोडलेला, अ‍ॅक्सल नट अजून ढिला. आता चाक जोरात फिरवून पायब्रेक दाबा आणि दाबूनच ठेवा. शू ड्रमला चिकटतात आणि प्लेट आपोआप मध्यावर येते. ब्रेक दाबलेला असतानाच अ‍ॅक्सल नट आवळा, मग टॉर्क आर्मचा नट आवळून नवी स्प्लिट पिन टाका. जुनी पिन सरळ करून परत वापरू नका, दुसऱ्यांदा वाकवताना तिचा पाय तुटतो. ही एक सवय लावली तर शू घासण्याच्या निम्म्या तक्रारी होतच नाहीत.

शेवटी ब्रेक रॉड: पायब्रेकचा मोकळा खेळ २० ते ३० मिमी. त्याहून कमी ठेवला तर ड्रम तापतो. आर्मवरचा बाण प्लेटवरच्या खुणेला टेकत असेल तर नट आवळून उपयोग नाही, शू संपलेत.

चाकधारी
फार उपयोगी. ब्रेक रॉडचा नट ढिला करून पाहिला, फरक नाही. फटही चारी बाजूंनी सारखी आहे. चाक बाहेर काढून पाईप लावून पाहिलं, तिथेही जड होतंय. म्हणजे काकांचं निदान बरोबर. बेअरिंग काढल्यावर नळी निघाली खरी, पण एका टोकाला फुलासारखी पसरली आहे. तशीच वापरू का? आणि टॉर्क रेंच (ठरावीक मापाने आवळायचा पाना) नाही, अ‍ॅक्सल किती आवळायचा? स्लीव्ह नट मी सोडला होता, आता लाइन कशी बघू?

बेअरिंगवाले_काका
पसरलेलं टोक म्हणजे कोणीतरी जुनं बेअरिंग काढताना नळीवरच पंच मारला आहे. त्या टोकाची लांबी कमी झालेली असते आणि ते बेअरिंगच्या सीललाही घासतं. कानशीने घासून सपाट केलीत तर आणखी आखूड होईल. नवी घ्या, स्वस्त भाग आहे, पण याच मॉडेलची. दोन्ही टोकं सपाट आहेत ना ते काचेवर उभी करून पाहा.

आत्ता काढलेली बेअरिंगं जर आतल्या कड्याला ठोकून काढली असतील तर तीही बदला. बोटावर फिरवून खरखर लागली तर शंका नकोच. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली घ्या, पत्र्याच्या सीलमधून चिखलाचं पाणी जातं.

पाना_१९
आवळण्याचं माप: गाडीच्या पुस्तिकेत आकडा असतो. टॉर्क रेंच नसेल तर हिशोब करता येतो. पान्यावर नटाच्या मध्यापासून २० सेंमीवर हात धरून २५ किलोचा जोर लावला तर ५ किलोग्रॅम-मीटर (जोर गुणिले लांबी), म्हणजे साधारण ४९ न्यूटन-मीटर होतात. २५ किलो म्हणजे किती हे कळायला सामान तोलायचा स्प्रिंग काटा पान्याला काटकोनात अडकवून ओढा. पान्यात पाईप घालून लांबी वाढवू नका, जोराचा अंदाजच राहत नाही.

लाइनसाठी चिमट्यावरच्या खुणा सुरुवातीला ठीक, पण त्या दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळतातच असं नाही. सुतळीने बघा. या गाडीला पुढे-मागे टायर एकाच रुंदीचे असतात, त्यामुळे सोपं जातं. सुतळी मागच्या टायरच्या मागच्या कडेला लावून पुढे ताणा, स्टँडला अडणार नाही इतक्या उंचीवर. हँडल सरळ. सुतळी मागच्या टायरच्या दोन कडांना आणि पुढच्या टायरच्या दोन कडांना एकाच वेळी टेकली पाहिजे. दोन्ही बाजूंनी करा. मागच्या टायरची पुढची कड सुटत असेल तर अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा.

मग चेन: खालच्या पट्टीच्या मध्यावर वर-खाली मिळून सुमारे २५ मिमी खेळ. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि जिथे चेन सगळ्यात ताठ असेल तिथे हे माप ठेवा. आधी स्लीव्ह नट, मग अ‍ॅक्सल नट, आणि अ‍ॅक्सल आवळल्यावर पुन्हा एकदा मोजा, बहुतेक वेळा चेन किंचित ताठ होते.

कोकणी_मोटर
पुढचं चाकही काढणार असाल तर दोन गोष्टी. ब्रेक प्लेटवरच्या खाचेत शॉकअपच्या पायावरचा उंचवटा बसलाच पाहिजे, पुढे टॉर्क आर्मचं काम तोच करतो. आणि स्पीडोमीटर गिअरचे दोन कान हबच्या खाचेत बसले की नाही ते अ‍ॅक्सल आवळण्याआधी चाक फिरवून पाहा. न बसता आवळलं तर कान चेपतात आणि काटा शून्यावर राहतो. एप्रिल २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना, एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसेल तर, पायब्रेकने पुढचाही ब्रेक लागतो. त्यांच्या पुढच्या केबलची जोडणी सोडण्याआधी फोटो काढून ठेवा. डिस्क असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड पट्टी सारून ठेवा.

चाकधारी
नवी नळी आणि बेअरिंगं टाकली, पूर्ण आवळल्यावर चाक हाताने ढकललं की बरेच फेरे फिरतंय. शू ब्रेक दाबून मध्यावर घेतले. सुतळीत डावीकडे अर्धा फेरा फरक निघाला, तोही काढला. स्प्लिट पिन नवी टाकली.

पाना_१९
उत्तम. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, हळू, पाच-सहा ब्रेक लावून. परत आल्यावर ड्रमला हात लावा: कोमट चालेल, चटका बसला तर ब्रेक रॉडचा नट एक फेरा सोडा. उद्या थंड गाडीवर अ‍ॅक्सल नट, स्लीव्ह नट आणि टॉर्क आर्मचा नट पान्याने पुन्हा तपासा.